पार्श्वभूमी : अनेरच्या दोन काठांवरचे गुन्हे

चोपड्याची बातमी जळगावच्या अंकात लागते, शिरपूरची धुळ्याच्या. मधे आहे ती फक्त अनेर नदी. मी लिहायला घेतलेल्या रहस्यकादंबरीतलं पत्रकार जोडपं या एवढ्याशा गोष्टीतून सुचलं. ती जळगाव आवृत्तीच्या डेस्कवर, तो शिरपूरचा तालुका प्रतिनिधी. रविवारी घरी कळण्याच्या भाकरीचं जेवण, आणि ताटाखाली अंथरलेला त्याने आणलेला धुळ्याचा जुना अंक. ताट उचलताना तिला दोन कॉलमांतली अकस्मात मृत्यूची बातमी दिसते. रात्रीची वेळ, बिननंबरचा वाळूचा डंपर. तसलीच बातमी तिने आठवड्यापूर्वी स्वतः पानात लावलेली असते.

ही विभागणी इंग्रजांच्या काळातली. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम म्हणजे धुळे, ज्यातून 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा झाला. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. गुन्हेगार तासाभरात हद्द बदलतो. फिर्याद मात्र ज्या-त्या ठाण्यात, वेगळ्या गुन्हा रजिस्टर नंबराने पडून राहते.

कट हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंड संहितेत आला 1913 साली. 1999 च्या मोक्काने, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याने, पुढचं पाऊल टाकलं : मागच्या दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून जास्त दोषारोपपत्रं न्यायालयाने दखलीत घेतलेली हवीत. म्हणजे आधी ती कुणीतरी शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हवीत. वर्तमानपत्रातली माणसं तेच काम कात्रणांवर करतात.

जोडपंच का, असं मला विचारलं जातं. नवरा-बायको दोघांनी एकच वृत्तपत्र चालवल्याचं उदाहरण मराठीत जुनं आहे. ‘दीनबंधू’चे संपादक वासुदेवराव बिर्जे 1906 साली गेले आणि तानुबाई बिर्जे यांनी 1912 पर्यंत संपादकपद सांभाळलं. खानदेशचे तुकडे पडले तेच हे साल, म्हणून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

पण खरं कारण कायद्यातलं आहे. आधी 1872 च्या पुरावा अधिनियमाचं कलम 122, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 128. लग्न असताना नवऱ्याने बायकोला, किंवा तिने त्याला, जे सांगितलं ते कोर्टात उघड करायला ऐकणाऱ्या जोडीदाराला भाग पाडता येत नाही. सांगणाऱ्याची संमती नसेल तर ते उघड करायची परवानगीही मिळत नाही. दोघांचाच आपसातला दावा असेल, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केला असेल, तर गोष्ट वेगळी.

आता पत्रकाराचं बघा. ‘भाऊ, मन्हं नाव नको छापजो,’ असं म्हणत टपरीमागे जो माणूस कागद हातात देतो, त्याचं नाव कोर्टात लपवण्याचा असा हक्क पत्रकाराला कायद्याने दिलेला नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यात संरक्षण आहे, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. महाराष्ट्राने 2017 साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे. चांगलंच झालं. पण तो पत्रकारासाठी आणि माध्यमसंस्थेसाठी आहे, टपरीमागच्या माणसासाठी नाही. नवऱ्याने बायकोच्या कानात सांगितलेलं सुरक्षित, आणि ज्याने जीव मुठीत धरून ते नवऱ्याला सांगितलं तो उघड्यावर. हे मला मनापासून खुपतं, आणि कादंबरी त्या खुपण्यातूनच पुढे सरकते.

नवरा-बायकोच्या संरक्षणालाही एक भोक आहे. एका माणसाने बायकोला लिहिलेल्या पत्रांत सासऱ्याची बदनामी होती. तिने ती पत्रं वडिलांकडे दिली, त्यांनी खटला भरला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायकोच्या साक्षीने ती पत्रं सिद्ध करता येत नसली, तरी दुसऱ्या पुराव्याने करता येतील. थोडक्यात, कागद तिसऱ्याच्या हाती गेला की आडोसा संपला.

म्हणून माझी ही दोघं एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करत नाहीत, फोनवरही त्या विषयावर येत नाहीत. जे काही सांगायचं ते रविवारी, ओट्याजवळ, मिक्सर चालू ठेवून. फक्त दुसऱ्या प्रकरणात तिने धुळ्याच्या त्या कात्रणाच्या कडेला पेन्सिलने टपरीमागच्या माणसाचं नाव लिहून ठेवलं आहे. तो कागद अजून तिच्याच पर्समध्ये आहे.