पॉवर सप्लायच्या ड्राइव्ह-केबलची फेरजुळणी

संगणकाच्या पॉवर सप्लायमधून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एसएमपीएसमधून, हार्ड डिस्क आणि एसएसडीकडे जाणाऱ्या केबलवरचे कनेक्टर काढून ते ड्राइव्हमधल्या प्रत्यक्ष अंतराप्रमाणे पुन्हा बसवण्याची पद्धत. एकाच कॅबिनेटमध्ये चार-सहा डिस्क रचणारे हौशी लोक आणि घरगुती सर्व्हर बांधणारे ती वापरतात.

गरज अंतरातून निर्माण होते. तयार केबलवर दोन साटा (आजच्या डिस्कांची प्रमाणित जोडणी) कनेक्टरांमध्ये साधारण १० ते १५ सेंमी वायर असते. ३.५ इंची हार्ड डिस्क मात्र जेमतेम २६ मिमी जाड. एकावर एक बसवलेल्या डिस्कांची तोंडे तीन-चार सेंमीवरच येतात. उरलेली वायर मग दर दोन डिस्कांमागे कमानीसारखी बाहेर फुगते आणि कॅबिनेटचे झाकण लावताना दाबली जाते. या गुंत्याने हवा अडते असे नेहमी सांगितले जाते, पण तो फरक बहुधा किरकोळच असतो. खरा धोका ताणाचा आहे. पाच ताठ वायरींची कमान कनेक्टरला सतत एका बाजूला ओढते आणि डिस्कवरची प्लास्टिकची पातळ जीभ तेवढ्यानेही मोडू शकते.

साटा पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात, पण वायरी पाचच: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि दोन काळ्या ग्राउंडच्या. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीत नारिंगी वायर नसते. आजच्या बऱ्याच केबलींत सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे रंगावर नव्हे, मल्टिमीटरवर भिस्त ठेवावी लागते.

फेरजुळणीला दाबून बसवायचे कनेक्टर लागतात. त्यांच्या आतल्या धातूच्या पात्याला बेचकीसारखी खाच असते. वायर तीत दाबली की खाचेच्या कडा आवरण चिरून तांब्याला भिडतात. वायर कापावी लागत नाही, सोलावी लागत नाही, डागावीही लागत नाही. खाच ठरावीक जाडीसाठीच असते, बहुतेक वेळा १८ गेजच्या वायरसाठी. त्याहून बारीक वायर तीत सैल बसते, आणि सैल सांधा तापतो. साच्यात ओतलेले एकसंध कनेक्टर उघडत नाहीत, ते कापूनच काढावे लागतात.

डिस्क जागेवर बसवून केबल त्यांच्या मागे धरायची आणि प्रत्येक तोंडाशी वायरीवर खूण करायची. दोन खुणांमध्ये सेंटीमीटरभर ढील ठेवलेली बरी. अगदी तंग केबल देखणी दिसते, पण एक डिस्क काढायची तर सगळी माळ उपसावी लागते. पाचही वायरी खाचांवर ठेवून त्या व्हाइसच्या सपाट जबड्यात एकाच वेळी, सरळ दाबाव्यात. पकडीने एकेक दाबल्यास पाते वाकते. मग मागची टोपी चढवायची. जुन्या कनेक्टरने आवरणाला पाडलेली भोके उघडी सोडू नयेत. वायर मोकळ्या टोकाची असेल तर हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आक्रसणारी, नळी सरकवून ती झाकता येतात.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कनेक्टर उलटा बसणे. वायरींचा क्रम नारिंगी, काळी, लाल, काळी, पिवळी असा आहे. तो उलटला तरी मधल्या तिन्ही वायरी आपापल्या जागीच राहतात. चुकतात फक्त टोकाच्या दोन: १२ व्होल्ट ३.३ च्या पिनांवर जातात. वरवर पाहून हे लक्षात येत नाही. म्हणून डिस्क जोडण्याआधी प्रत्येक कनेक्टरवर व्होल्टेज मोजणे हा या कामाचाच भाग समजला जातो.

नारिंगी वायर काही जण मुद्दाम वगळतात. साटाच्या ३.३ आवृत्तीपासून तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचे काम दिले गेले. ही सोय असलेल्या डिस्कला त्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले की ती फिरतच नाही. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेल्या डिस्कांच्या बाबतीत हा अनुभव वारंवार येतो. पिनेवर चिकटपट्टी लावण्यापेक्षा ही वायर मुळातच न घेणे सोपे, कारण बहुतेक हार्ड डिस्क ३.३ व्होल्ट वापरत नाहीत.

किती डिस्क एका माळेत घ्यायच्या, हे सुरुवातीच्या झटक्यावर ठरते. ३.५ इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, आणि माळेतल्या सगळ्यांचा भार एकाच पिवळ्या वायरवर येतो. चार डिस्क म्हणजे ८ अँपिअर. त्यापुढच्या डिस्कांसाठी पॉवर सप्लायमधून दुसरी केबल घ्यावी.

सुट्या केबलींच्या, म्हणजे मॉड्युलर, पॉवर सप्लायमध्ये आणखी एक पथ्य आहे. डिस्ककडचे टोक प्रमाणित असले तरी पॉवर सप्लायकडच्या टोकाचा पिनक्रम प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो, कधी एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही तो वेगळा असतो. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल खाचेत बिनतक्रार बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ पाठवून माळेतल्या सगळ्या डिस्क एकदम जाळू शकते.