डिस्क मोठी केली, गाडी मात्र तेवढ्याच अंतरात थांबली

छोटी, हलकी, पळायला चपळ गाडी ज्याच्याकडे असते त्याचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी एअर फिल्टर, मग सायलेन्सर, मग सस्पेंशन, आणि मग एक दिवस तो चाकाच्या जाळीतून आत डोकावतो, ती बशीएवढी ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, बघतो आणि म्हणतो, छे, ही काय डिस्क आहे. माझंही तेच झालं. पुढच्या दोन्ही डिस्क मोठ्या बसवल्या, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे ठोकळे) नीट बसू दिले आणि मग बंद ट्रॅकवर १०० च्या स्पीडवरून कचकून ब्रेक मारून टेपने अंतर मोजलं, कारण जुन्या डिस्कवर मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवलेला होता. फरक किती? हातभर. आणि तोही दुसऱ्या वेळी मोजला तर उलट्या दिशेने. म्हणजे फरक शून्यच धरा.

त्या दिवशी जाम चिडलो होतो, पण चूक डिस्कची नव्हती, माझ्या अपेक्षेची होती.

कारण गाडी डिस्क थांबवतच नाही, टायर थांबवतो. डिस्क आणि पॅड मिळून फक्त चाक थांबवतात, आणि चाकाने रस्ता किती घट्ट धरायचा हे रबर आणि डांबर आपापसात ठरवतात. चांगल्या टायरचा कोरड्या रस्त्यावरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, १ च्या आसपास धरला तर १०० किमी वेगावरून थांबायला साधारण ३९ मीटर लागतात. या हिशोबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही, वेग येतो, घर्षणांक येतो आणि गुरुत्वाकर्षण येतं, गाडीचं वजनसुद्धा कापलं जातं. तुमच्या कंपनी फिटिंग ब्रेकने जोरात दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागत असेल, किंवा एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम होत असेल, तर टायर जेवढं देऊ शकतो तेवढं सगळं तुम्ही आधीच काढून घेताय. डिस्क परातीएवढी केली तरी जास्तीचं काही निघणार नाही.

मग मोठ्या डिस्कवर गाडी चालवली की सगळे "काय ब्रेक लागतोय!" का म्हणतात? कारण पेडल हलकं लागतं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, डिस्कला मध्यापासून जितक्या लांब पकडेल तितकी त्याच दाबात चाक थांबवणारी पीळ जास्त, लांब दांड्याचा पाना वापरल्यावर नट सहज सुटतो तसंच. डिस्क २३५ वरून २५५ मिमी केली की पॅड मध्यापासून १० मिमी बाहेर सरकतो, आणि पिळाचा फायदा होतो साधारण दहा टक्के. म्हणजे पाय दहा टक्के कमी दाबावा लागतो. पायाला हे लगेच कळतं, आणि आपला मेंदू पायाचं ऐकून ठरवतो की गाडी लवकर थांबली. टेप काही पायाचं ऐकत नाही.

मग पैसे पाण्यात गेले का? नाही. पण ते कशासाठी घातले हे कळायला उष्णतेचा हिशोब करावा लागतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात मजा आहे ती इथेच.

ड्रायव्हर धरून ११०० किलोची गाडी १०० च्या वेगाने पळत असते तेव्हा तिच्यात साधारण ४२४ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. हा आकडा नुसता ऐकून काही वाटत नाही, म्हणून असं बघा, की तेवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं सव्वा लिटर पाणी उकळीला येतं. आणि हे काम ब्रेकने तीन सेकंदांच्या आत करायचं असतं, म्हणजे सरासरी १५० किलोवॅट, हॉर्सपॉवरमध्ये २०० च्या घरात, आणि पेडल दाबल्या दाबल्या पहिल्या क्षणी तर त्याच्या दुप्पट. ज्या गाडीचं इंजिन जेमतेम १२० हॉर्सपॉवर देतं तिचे ब्रेक एवढी ताकद उलट्या दिशेने लावतात! वेग १४० केला तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ट्रॅकवर "थोडंच फास्ट गेलो" म्हणणाऱ्यांचे ब्रेक सगळ्यात आधी का मान टाकतात ते यावरून कळेल.

ही उष्णता जाते कुठे, तर आधी डिस्कच्या लोखंडात. साधारण ७० टक्के ब्रेकिंग पुढची चाकं करतात, म्हणजे पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला १४८ किलोज्यूल. डिस्कच्या घासणाऱ्या कड्याचं वजन ४ किलो धरलं तर एका ब्रेकमध्ये ती साधारण ७७ अंशांनी तापते. तेच कडं ५ किलोचं असेल तर ६२ अंशांनी. एका ब्रेकला हा फरक काहीच नाही. पण ट्रॅकवर एका फेरीत सहा-सात वेळा, किंवा मोठ्या घाटाच्या उतारावर दर वळणाला ब्रेक मारत गेलात आणि मध्ये गार व्हायला वेळच मिळाला नाही, की हे अंश एकावर एक चढत जातात. मधल्या सरळ रस्त्यावर थोडे उतरतात, मग पुन्हा चढतात, आणि कधीतरी डिस्क ५०० च्या पुढे जाऊन अंधारात लालसर दिसायला लागते.

मोठी डिस्क कामाला येते ती तेव्हा. लोखंड जास्त म्हणून तापायला वेळ लागतो, पृष्ठभाग जास्त म्हणून गार लवकर होते. पहिल्या ब्रेकला तिचा काही उपयोग नाही, दहाव्याला आहे. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप जिंकली ती डिस्क ब्रेक लावून, आणि तिथेही हाच मुद्दा होता, जुन्या पद्धतीच्या ड्रम ब्रेकवाल्या गाड्या एखादा ब्रेक जोरात मारू शकत होत्या, पण लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दर फेरीला तसाच ब्रेक चोवीस तास मारत राहणं त्यांना झेपत नव्हतं. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला ब्रेक शू आतून दाबतात; तो तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, डिस्क तापली की जाड होते आणि उलट पॅडच्या जवळ येते. बाकी सगळं सोडा, एवढ्या एका गोष्टीसाठी मला डिस्क ब्रेक आवडतो.

आता ब्रेक "जातो" म्हणजे नक्की काय होतं? दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एकात पेडल दगडासारखं कडक असतं, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. हा पॅडचा प्रॉब्लेम. साध्या रस्त्यासाठी बनवलेले पॅड ३५०-४०० अंशांच्या पुढे गेले की त्यातलं सगळं बांधून ठेवणारं रेझिन जळायला लागतं, गॅस सुटतो, पकड कमी होते. एकदा मी असे पॅड काढून हातात घेतले होते, वरचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नखाने ओरखडा उठेना, आणि कडा पांढरट राख झाल्यासारख्या. वास तर दोन दिवस हाताला होता.

दुसऱ्यात पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं, कधी कधी थेट फ्लोअरला. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. पातळ पदार्थ दाबला जात नाही म्हणून तर हायड्रॉलिक ब्रेक चालतो, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय फक्त बुडबुडे दाबत बसतो. डॉट ३, ४, ५.१ हे ब्रेक ऑइलचे दर्जे; नवीन डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०, डॉट ५.१ किमान २६०. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे जुनं डॉट ५.१ नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळू शकतं. लोक डिस्कवर घसघशीत खर्च करतात आणि ऑइल चार वर्षांपूर्वीचं तसंच ठेवतात, हे बघून मला खरंच हसू येतं. (मीही त्यातलाच होतो, म्हणून हसू जरा बेतानेच.)

आता येतो तो भाग जो बहुतेक जण गाळतात. फक्त पुढच्या डिस्क मोठ्या करून मोकळं होणं.

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, वजन पुढे सरकतं. माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार घ्या, पहिल्या पिढीची, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २२६५ मिमी. गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटर उंचीवर धरला तर जोरदार ब्रेकिंगला साधारण २० टक्के वजन मागून पुढे जातं, म्हणजे उभी असताना ५२-४८ असलेली गाडी ७२-२८ होते. पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं ओढणारी हॅचबॅक असेल तर पुढचा आकडा ८० च्याही वर जातो. कंपनी पुढचे-मागचे ब्रेक या वाटणीला जुळतील असे ठरवते, आणि पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम व्हावीत अशी थोडी जागा ठेवते, कारण मागची आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते.

तुम्ही पुढे दहा-पंधरा टक्के पीळ वाढवली आणि मागे हात लावला नाही, तर पुढची चाकं आणखी लवकर जाम होतात आणि मागचे टायर अजून अर्धे रिकामे बसलेले असतात. एबीएस नसलेल्या गाडीत थांबायचं अंतर चक्क वाढू शकतं! एबीएस असेल तर पुढे थरथर सुरू झाल्यावरही पाय आणखी दाबत राहिलात की मागे दाब वाढतो, त्यामुळे हे बरंचसं झाकलं जातं, पण ओल्या रस्त्यावर एबीएस उगाच लवकर जागं होतंय असं जाणवतं.

माझदाने स्वतः काय केलं ते बघा. १.६ इंजिनच्या एमएक्स-५ ला पुढे २३५ मिमी, मागे २३१. नंतर १.८ इंजिन आलं तेव्हा पुढे २५५ आणि मागे २५१. दोन्हीकडे बरोबर २० वाढवले. त्यापुढच्या पिढीच्या मोठ्या ब्रेकमध्ये पुढे २७० आणि मागे २७६. मागची डिस्क पुढच्यापेक्षा मोठी बघून बावचळू नका, ताकदीची वाटणी नुसत्या व्यासाने ठरत नाही, कॅलिपरच्या पिस्टनचा आकार आणि पॅडची पकड हेही त्यात असतं. १.६ वाले १.८ च्या डिस्क लावतात तेव्हा कॅलिपर जुनाच राहतो, फक्त तो बाहेर सरकवणारा ब्रॅकेट बदलतो, आणि मला हा उपाय महागड्या चार पिस्टनवाल्या किटपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण पिस्टन तेच म्हणजे मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) गणित बिघडत नाही. पिस्टन मोठे केले तर तेवढं ऑइल ढकलायला पेडल जास्त खाली जातं, मग लोक म्हणतात नवीन ब्रेक मऊ लागतात.

वजनाचंही सांगून टाकतो. जाडी तीच ठेवून डिस्क २३५ ची २७० केली तर व्यास १५ टक्के वाढतो, पण फिरवायला लागणारं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने, म्हणजे जवळपास ७५ टक्के. हे सगळं स्प्रिंगच्या खालचं वजन, खड्ड्यात चाक जास्त आपटणार आणि छोट्या इंजिनला ते फिरवावंही लागणार. म्हणून महाग डिस्कचा मधला टोप ॲल्युमिनियमचा असतो.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात भारी, पण खूप तापवल्या की भोकांच्या कडेपासूनच तडे सुरू होतात, रस्ता-ट्रॅक दोन्ही करणाऱ्याने साधी किंवा खाचेवाली घ्यावी. आतून पोकळ डिस्कमधल्या, हवा खेळवणाऱ्या पंख्या वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते, त्या पंख्या मध्यातून हवा ओढून बाहेर फेकतात, उलट बसवली तर तो पंपच अधू होतो. वरच्या खाचा बघून दिशा ठरवू नका, आत टॉर्च मारून पंख्या बघा.

आणि बसवताना हब, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती चाकामागची तबकडी, घासा. नवीन डिस्क लावून आठवड्यात स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा लोखंड वाकलेलं नसतंच. हबवर गंजाचा कागदापेक्षा पातळ पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते, काठाला तो तिरकेपणा आणखी वाढतो, दर फेऱ्याला एकच जागा पॅडला चाटून जाते आणि तिथली जाडी बदलते. जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी पायाला धडधड जाणवते. दुसरं कारण म्हणजे लालबुंद ब्रेक घेऊन गाडी उभी करून पाय पेडलवर तसाच ठेवणं, पॅडचा ठसा डिस्कवर चिकटतो. नवीन पॅड लावल्यावर १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारायचा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग तशीच गाडी हळू फिरवून गार करायची, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पॅडच्या खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका.

मला कोणी विचारलं तर मी क्रम असा सांगतो: ताजं ऑइल, बरे पॅड, चांगले टायर, आणि एवढं करूनही ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रेक सुटत असेल तरच डिस्क. आणि ऑर्डर करायच्या आधी पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून चाकात फिरवून बघा, १४ इंची चाकात २७० ची डिस्क बसत नाही, हे मला डिस्क घरी आल्यावर कळलं. तो पुठ्ठा अजून माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला लटकलाय.