सेवाज्येष्ठतेने मिळालेला पहिला विभाग

लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबची सुरुवात बहुतेकांना पाठ असते. १८८६, वूलिचचा दारूगोळ्याचा कारखाना, पहिलाच सामना ६-० असा जिंकलेला, नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून आलेले लाल शर्ट. १८९३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये शिरलेला दक्षिणेकडचा हा पहिला क्लब. पण वूलिच पडलं आडबाजूला. प्रेक्षक जमेनात, १९१० पर्यंत दिवाळं निघायची वेळ आली. नव्या मालकांनी १९१३ मध्ये, संघ लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातून दुसऱ्यात घसरला त्याच वर्षी, बिऱ्हाड थेम्सपलीकडे हायबरीला हलवलं. म्हणजे टॉटनहॅम या क्लबच्या शेजारात. वैर तिथून.

खरा घोळ १९१९ चा. युद्धामुळे लीग चार हंगाम बंद होती; ती पुन्हा सुरू करताना पहिला विभाग २० वरून २२ संघांचा करायचं ठरलं. १९१५ च्या तक्त्यात चेल्सी १९ वा, टॉटनहॅम २० वा, म्हणजे दोघंही खाली जाण्याच्या जागी. १९०५ मध्ये विभाग वाढवला तेव्हा तळाच्या दोघांनाही ठेवून घेतलं होतं. या वेळी चेल्सीला मतदानाशिवाय ठेवलं. त्यांची बाजू भक्कम होती: १९१५ च्या गुड फ्रायडेला मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला हरवलेला सामना ठरवून खेळलेला निघाला होता आणि युनायटेड चेल्सीपेक्षा अवघ्या एका गुणाने वाचला होता.

उरलेल्या एका जागेसाठी मतदान झालं. आर्सेनल १८, टॉटनहॅम ८, बार्न्सली ५, वुल्व्ह्स ४, बाकीची किरकोळ. आर्सेनल दुसऱ्या विभागात होता पाचवा. तोही नंतर आकडेमोड तपासल्यावर. तेव्हा छापलेल्या तक्त्यात सहावाच.

लीगच्या अध्यक्षांनी आर्सेनलसाठी कारण दिलं ते सेवाज्येष्ठतेचं, अगदी आपल्या सरकारी कचेरीसारखं. टॉटनहॅमपुरतं ते खरं, तो क्लब लीगमध्ये आला १९०८ ला. पण वुल्व्ह्स १८८८ च्या संस्थापकांपैकी, शिवाय तक्त्यात आर्सेनलच्या वर, चौथा. त्यांची ज्येष्ठता कुणालाच आठवली नाही. पैसे चारल्याचा पुरावा आजवर सापडलेला नाही, हेही सांगायला हवं; पण वशिला म्हणायला पाकीटच लागतं असं थोडंच आहे?

टॉटनहॅम दुसरा विभाग जिंकून १९२० मध्ये परतला. आर्सेनल त्यानंतर एकदाही खाली उतरलेला नाही. मात्र मैदानावर खेळून त्याने शेवटची बढती मिळवली ती १९०४ मध्ये.