ट्रॉली जोडली की लायटी का जातात? (दुकानात येण्याआधी एवढं वाचा)

ऊस हंगाम सुरू झाला की आमच्याकडं एकच तक्रार येते. ट्रॅक्टरच्या लायटी ओके, ट्रॉलीचा बल्ब काढून बॅटरीला लावला तर तोही पेटतो, पण दोन्ही जोडलं की मागं अंधार. नाहीतर ब्रेक दाबला की टेल लाईट मंद होते, एक इंडिकेटर लावला की त्याच्याबरोबर भलतंच काहीतरी लुकलुकतं. असलं विचित्र काही दिसलं की आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) बघा, बल्ब नंतर.

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वायरी जोडायच्या ७ पिनच्या सॉकेटमधली एक पिन अर्थसाठीच असते. पण कितीतरी ट्रॉल्यांना ती वायर जोडलेलीच नसते नाहीतर कधीच तुटलेली असते, आणि सगळा अर्थ चाललेला असतो हूक आणि पिनमधून. लोखंडाला लोखंड टेकतंय तोवर लायटी लागतात, मग हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीला रंग मारला, हुकाला ग्रीस लावलं, वर चिखल बसला की संपलं. दुकानासमोर उभी असताना लागतात आणि रस्त्याला लागल्यावर जातात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता जिथं सगळ्यांचा वेळ जातो ते सांगतो. टेस्ट लॅम्पचा (करंट तपासायच्या दिव्याचा) चिमटा ट्रॅक्टरच्या बॉडीला लावायचा, टोक ट्रॉलीच्या होल्डरमध्ये घालायचं, लॅम्प पेटला की म्हणायचं करंट येतोय, बल्बच खराब. अहो करंट येतोयच, त्याला परत जायला वाट नाही! चिमटा ट्रॅक्टरला लावून ती वाट तुम्हीच तेवढ्यापुरती करून दिली, म्हणून लॅम्प पेटला. चिमटा ट्रॉलीच्या लोखंडाला लावा, रंग खरवडून, आणि मग बघा, पेटला नाही तर दोष अर्थचा. लॅम्प नसेल तर लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या खरवडलेल्या चासीवर दाबून धरा, लायटी नीट लागल्या तर दोष सापडला. एकच दिवा लागत नसेल आणि बल्ब चांगला असेल तर बहुतेक त्याचा होल्डर गंजलाय, पॉलिश पेपर मारा.

हे न करता लोक बल्ब बदलतात, मग वायरी कापून इकडची तिकडं जोडतात आणि टेप गुंडाळून आमच्याकडं आणतात, मग आम्हाला आधी ते सगळं उसवावं लागतं, त्याचा वेळ बिलात येतो. वायरीच्या रंगावर पण जाऊ नका, आधीच्या वायरमननं हाताला लागेल ती वायर ओढलेली असते. फ्यूज सारखा उडत असेल तर तो प्रकार वेगळा, कुठंतरी वायर सोलून बॉडीला लागलीय, फ्यूजच्या जागी तार घालून चालवू नका, सगळी वायरिंग जळते.

काहीजण म्हणतात हुकातनं फुकट होतंय तर अर्थच्या वायरचे पैसे कशाला. हिशोब करा, २१ वॅटचे दोन ब्रेकचे बल्ब, एका बाजूचा इंडिकेटर आणि ५ वॅटच्या दोन टेल धरल्या तर १२ व्होल्टला साधारण ६ अँपिअर होतात, मागं दोन ट्रॉल्या असल्या की १२, आणि हे सगळं अर्थच्या त्या एका वाटेनं परत येतं. म्हणून आम्ही २.५ एमएमची स्वतंत्र वायर सॉकेटपासून प्रत्येक दिव्यापर्यंत नेतो, टोकाला लग (धातूची टोपी) दाबून. एकदा केलं की रंग मारा नाहीतर ग्रीस लावा, फरक पडत नाही.

एलईडी लावून इंडिकेटर फटाफट मारायला लागला तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलावा लागतो, तो दुकानात मिळेल.

आणि कृपा करून ट्रॉली रानात ठेवून नुसता ट्रॅक्टर आणू नका, जोडल्याशिवाय दोष दिसणारच कसा? ट्रॉली भरून कारखान्याच्या नंबरात उभी असताना फोन करण्यापेक्षा गाळप सुरू व्हायच्या आधी या, तेव्हा आम्हालाही निवांत असतं. चेकिंगचे पैसे घेतो, काम आमच्याकडंच केलं तर ते बिलातून वजा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही आणा, ज्या क्रमानं चालवता त्याच क्रमानं जोडून.