सिसिलीतले सांस्कृतिक-ऐतिहासिक प्रवासमार्ग

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट, क्षेत्रफळ साधारण २५,७०० चौ. किमी, आज इटलीचा एक स्वायत्त प्रांत. फिनिशियन, ग्रीक, कार्थेजवाले, रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य), अरब, नॉर्मन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश असे सगळे इथे येऊन राज्य करून गेले, त्यामुळे इथली ट्रिप आखताना आपल्याला कुठल्या काळात जास्त रस आहे हे आधी ठरवलेलं बरं. ढोबळमानाने तीन मार्ग आहेत: पालेर्मोच्या आसपासचा अरब-नॉर्मन, सिराकूसा ते अग्रिजेंतो असा ग्रीक-रोमन आणि आग्नेय कोपऱ्यातला बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या भरगच्च सजावटीच्या इमारतींचा. टूरवाले हे तिन्ही आठवड्याभरात किनाऱ्याने गोल फिरवून उरकतात, पण त्यात निम्मा वेळ बसमध्येच जातो आणि बेटाचा मधला भाग, जिथला गहू एकेकाळी रोम शहराला जायचा, तो बघायचाच राहतो.

जुने प्रवासी

सिसिली फिरून लिहून ठेवायची पद्धत आजची नाही. इब्न जुबैर हा स्पेनमधल्या मुस्लिम मुलखातला माणूस हज करून परत जात असताना ११८४ च्या डिसेंबरमध्ये मेसिनाजवळ त्याचं जहाज फुटलं, तिथून तो उत्तर किनाऱ्याने चेफालू, पालेर्मो करत त्रापानीला पोचला आणि पुढचं जहाज पकडलं. आज मेसिनाहून पालेर्मोला जाणारी ट्रेन साधारण त्याच किनाऱ्याने जाते. पालेर्मोतल्या ख्रिश्चन बायका नाताळात मुस्लिम बायकांसारख्या कपड्यांत फिरतात हे त्याने लिहून ठेवलंय, तेव्हा राजा नॉर्मन ख्रिश्चन होता हे लक्षात घेतलं की त्याला वाटलेलं नवल कळतं.

पुढे अठराव्या शतकात युरोपातली श्रीमंत घरातली पोरं इटलीच्या लांब दौऱ्यावर निघायची, ती बहुतेक नेपल्सहूनच मागे फिरायची. सिसिलीत रस्ते वाईट आणि मुक्कामाला धड खाणावळी नाहीत, त्यामुळे इकडे येणारे थोडेच. जर्मन कवी गटे १७८७ च्या एप्रिल-मे महिन्यात आला, आणि गंमत म्हणजे त्याने सिराकूसा चक्क गाळलं, कारण त्याला गव्हाची शेतं बघायची होती म्हणून अग्रिजेंतोहून तो सरळ आतल्या डोंगराळ भागात शिरला. आजच्या कुठल्याही गाईडला हे पटणार नाही.

अरब-नॉर्मन मार्ग

वेळ कमी असेल तर हाच मार्ग करावा. अरब फौजा ८२७ मध्ये नैऋत्य किनाऱ्यावरच्या माझाराला उतरल्या, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्याकडे गेलं, आणि १०७२ मध्ये ते नॉर्मनांनी जिंकलं. नॉर्मन म्हणजे मुळात उत्तर फ्रान्समधले लढवय्ये, राज्य चालवायला त्यांच्याकडे स्वतःची माणसं कमी, मग त्यांनी आधीचे अरब आणि ग्रीक कारकून, कारागीर, आरमारी अधिकारी तसेच कामावर ठेवले. दुसरा रॉजर ११३० मध्ये राजा झाला, त्याच्या कचेरीतून लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कागद निघायचे, आणि त्याच्याच पदरी असलेल्या अल-इद्रीसीने ११५४ मध्ये जगाचा भूगोल आणि नकाशे पुरे केले.

हे सगळं एका खोलीत बघायचं असेल तर राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे चॅपल. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीचं सोनेरी मोझेक, जमिनीवर संगमरवरी जडावकाम, आणि वर लाकडी छत ते थेट मुस्लिम कारागिरांचं, मधमाशांच्या पोळ्यासारख्या कोनाड्यांचं, त्यात वाद्यं वाजवणारे, दारू पिणारे, बुद्धिबळ खेळणारे लोकं रंगवलेत. चर्चच्या छतावर! मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं, जमल्यास छोटी दुर्बीण न्यावी, खालून बारीक चित्रं नीट दिसत नाहीत.

युनेस्कोने २०१५ मध्ये या मार्गावरच्या नऊ वास्तू एकत्र यादीत घेतल्या, सात पालेर्मोत आणि बाकी दोन म्हणजे चेफालू आणि मोनरेआले इथली कॅथेड्रल्स. पालेर्मोतल्यांपैकी मार्तोराना हे चर्च रॉजरचा आरमारप्रमुख अँटिओकचा जॉर्ज याने बांधलं, त्यात येशू स्वतः रॉजरला मुकुट घालतोय असं मोझेक आहे, म्हणजे पोपची मधे गरजच नाही. शेजारीच लाल घुमटांचं सान कातालदो. झीसा हा राजांचा उन्हाळी महाल, आत वाहत्या पाण्याने गारवा आणायची सोय होती. आरमारप्रमुखाचा पूल मात्र बघून जरा हसू येतं, नदीचं पात्र कधीच वळवलं गेलं, पूल कोरड्यातच उभा आहे. मोनरेआले शहराबाहेर टेकडीवर, बस जाते, तिथे ६,००० चौ. मीटरहून जास्त मोझेक आहे, अर्धा दिवस सहज जातो. तिथला ओवऱ्यांचा चौक चुकवू नये, जोडखांबांवरचं कोरीवकाम प्रत्येक जोडीचं वेगळं.

एक गोष्ट मात्र गाईड सहसा सांगत नाहीत. सहिष्णुतेची ही कहाणी फार टिकली नाही. रॉजरचाच नातू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने १२२० च्या दशकापासून उरलेल्या सिसिलियन मुसलमानांना उठवून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवलं. तोच फ्रेडरिक अरबी विद्येचा मोठा चाहता म्हणूनही ओळखला जातो, त्याची कबर पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

ग्रीक आणि रोमन

सिराकूसा कोरिंथच्या ग्रीकांनी इ.स.पू. ७३४ च्या सुमारास वसवलं. तिथल्या ओर्तीजा या जुन्या भागातलं कॅथेड्रल म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथीना देवीचं मंदिरच, खांबांच्या मधल्या फटी बुजवून भिंत केलीय, आणि ते जाडजूड डोरिक (साध्या ग्रीक घडणीचे) खांब आतून बाहेरून स्पष्ट दिसतात. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सची स्वारी फसल्यावर हजारो कैद्यांना इथल्या दगडाच्या खाणींत कोंडलं होतं, त्या खाणींतल्या काही आज बागा आहेत. आर्किमिडीज इथलाच, इ.स.पू. २१२ मध्ये रोमन सैन्य शहरात घुसलं तेव्हा मारला गेला. ग्रीक थिएटरमध्ये १९१४ पासून पुन्हा जुनी नाटकं होतात, मे-जूनमध्ये जाणार असाल तर तिकीट काढाच, इटालियन कळत नसलं तरी चालतं.

अग्रिजेंतोला देवळांची रांग आहे, त्यातलं कॉनकॉर्डियाचं मंदिर इतकं शाबूत राहिलं कारण सहाव्या शतकात त्याचं चर्च झालं. सेजेस्ता आणि सेलिनुंते ही जुन्या ग्रीक धाटणीच्या देवळांची आणखी दोन ठिकाणं पश्चिमेला आहेत, ते पालेर्मोहून करावेत.

रोमन काळासाठी मात्र बेटाच्या आतच जावं लागतं, पियात्सा आर्मेरिनाजवळ व्हिला देल कासाले. चौथ्या शतकातली हवेली, कोणा मोठ्या रोमन माणसाची, आणि जमिनीवर सुमारे ३,५०० चौ. मीटर मोझेक. आखूड कपड्यांत व्यायाम करणाऱ्या मुलींचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, पण खरी बघायची ती शिकारीची लांब गॅलरी. रोमच्या खेळांसाठी जिवंत जनावरं पकडून जहाजात चढवतायत असं त्यात दाखवलंय, आणि एका टोकाला हत्ती आणि वाघाच्या मधे बसलेली एक स्त्री आहे, तिला काही अभ्यासक भारताचं मानवी रूप समजतात. वाघ शेजारी आहे म्हटल्यावर मला तरी ते पटतं.

बरोक कोपरा

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने आग्नेय सिसिली जवळपास सपाट केली, साठ हजाराच्या आसपास माणसं गेली. नंतर नोतो, रागूसा, मोदिका, शिक्ली ही गावं नव्याने बांधली गेली, नोतो तर जुनी जागा सोडून काही किलोमीटरवर. २००२ पासून आठ गावं युनेस्को यादीत आहेत. जुन्या गोव्यातली चर्चेस बघितलेल्यांना हा थाट ओळखीचा वाटेल, फक्त इथे चुन्याचा पांढरा गिलावा नाही, मधाच्या रंगाचा दगड तसाच उघडा ठेवलाय. नोतोच्या कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला, २००७ मध्ये ते पुन्हा उघडलं. मोदिकात दाणेदार चॉकलेट मिळतं, साखर पूर्ण विरघळू न देता केलेलं.

कधी आणि कसं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये देवळांच्या उघड्या माळावर उभं राहवत नाही, सिराकूसाजवळ ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो युरोपचा उच्चांक आहे. लहान गावांत चर्चेस दुपारी बंद होतात, संध्याकाळी परत उघडतात, प्लॅन त्याप्रमाणे करा. पालेर्मो, चेफालू, सिराकूसा, नोतो, अग्रिजेंतो इथे ट्रेन जाते, व्हिला देल कासालेला बस किंवा गाडी. गाडी घेतली तर जुन्या शहरांत शिरू नका, परवाना नसलेल्या गाड्यांचे नंबर कॅमेरे टिपतात आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही घरी पोचल्यावर येते.