लॅव्हेंडरचे थेंब थेट बादलीत नकोत

‘झाडाचंच तेल, त्यात अपाय कसला?’ असं म्हणत लॅव्हेंडरचे दहा-बारा थेंब आंघोळीच्या पाण्यात टाकायचा किंवा तसेच कपाळावर चोळायचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीपासून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, पाण्यात विरघळत नाही. वर तवंग येतो आणि तेच तीव्र तेल अंगाला चिकटतं. मग चुरचुर, लाल चट्टे. मीठ घातलं तरी ते मिसळत नाही.

मालिशसाठी 30 मिली तीळतेलात किंवा खोबरेलात 12 थेंब घाला, म्हणजे साधारण 2 टक्के, चेहऱ्यासाठी निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. कधीची उघडलेली जुनी बाटली तर नकोच: हवा लागून त्यातल्या लिनालूल या सुगंधी घटकापासून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात.

नुसतं शांत वाटायला हवं असेल, तर रुमालावर एक-दोन थेंब पुरतात. वासाने ताण थोडा हलका होऊ शकतो, पण नैराश्यावरचा तो उपचार नव्हे. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी किंवा कापूर? अजिबात नको. यांपैकी काहीही पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.