राखीव मॅगझिन (छुपे शस्त्रधारण)

राखीव मॅगझिन म्हणजे कपड्यांआड पिस्तूल बाळगणारा नागरिक त्यासोबत जवळ ठेवतो ते दुसरे, भरलेले मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी. मॅगझिनऐवजी फिरत्या गोल कप्प्यात गोळ्या धरणारे रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच्या जागी सुटी काडतुसे येतात. ही सवय मुख्यतः अमेरिकेतली. फ्लोरिडाने 1987 मध्ये अटी पुऱ्या करणाऱ्या कोणालाही परवाना देणारा कायदा केला आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. 2013 मध्ये इलिनॉयनेही परवानगी दिली आणि छुपे शस्त्र सरसकट वर्ज्य असलेले एकही राज्य उरले नाही. 2024 अखेर 29 राज्यांत छुपे शस्त्र बाळगायला परवानाच लागत नव्हता. त्यामुळे सकाळी पाकीट, किल्ल्या, फोन उचलताना ‘दुसरे मॅगझिन घ्यायचे की नाही’ हा तिथल्या अनेकांचा अगदी घरगुती प्रश्न आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा पाच किंवा सहा गोळ्या मावतात. त्या संपल्या की पुंगळ्या झटकून एकेक काडतूस भरायचे. हे काम सोपे करायला सगळी काडतुसे एकदम सोडणारा गोल स्पीडलोडर आला. खिशात सपाट बसणारी रबरी पट्टीही आली. ती सावकाश भरते, पण बाहेरून दिसत नाही. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीत दोन एजंट ठार झाले. हाताला गोळी लागलेल्या एका एजंटाला आपले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आले नाही. त्यानंतर पोलिसांत पिस्तुलाकडचा ओढा वाढला आणि नागरिकांनीही तेच उचलले.

दुसरे मॅगझिन म्हणजे जास्त गोळ्या, एवढाच अर्थ बाहेरच्या माणसाला लागतो. रोज बाळगणारे जाणकार वेगळे कारण पुढे करतात, आणि ते जास्त पटण्याजोगे आहे. पिस्तुलात सर्वात आधी दगा देणारा भाग बहुधा मॅगझिनच असतो. पत्र्याची किंवा प्लास्टिकची डबी, आत स्प्रिंग, वर काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन दुमडलेल्या कडा. डबी फरशीवर पडून कड जराशी वाकली की काडतूस तिरके चढते. पुंगळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरे काडतूस घुसले, तर उपाय एकच : मॅगझिन ओढून काढायचे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागेपुढे करून अडथळा पाडायचा आणि नवे मॅगझिन बसवायचे. नवे जवळ नसेल तर तेच बिघडलेले पुन्हा खुपसण्यावाचून गत्यंतर नाही.

ठेवण्याची जागा पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला. उजखोऱ्याचे मॅगझिन डावीकडे, पट्ट्यावरच्या कप्प्यात, गोळ्यांची टोके पुढे. म्हणजे काढताना तर्जनी आपसूक पुढच्या कडेवर येते. खिशात मोकळे टाकले तर आठवड्याभरात कापडाचा भुसा वरच्या काडतुसाभोवती जमतो. सुट्टे नाणे त्या कडांखाली सरकले तर ते नखाने काढावे लागते. नऊ मिलिमीटरची 15 काडतुसे भरलेले मॅगझिन पाव किलोच्या आसपास भरते. उन्हाळ्यात टी-शर्टाखाली हे ओझे जाणवते, आणि बहुतेक जण दुसरे मॅगझिन घरी ठेवतात ते तत्त्वासाठी नव्हे, याच कंटाळ्यापायी. काही जण मॅगझिनऐवजी दुसरे पिस्तूलच बाळगतात. त्याला गमतीने ‘न्यूयॉर्क रीलोड’ म्हणतात.

नको म्हणणाऱ्यांचा आधार ‘तीन गोळ्या, तीन यार्ड, तीन सेकंद’ हा ठोकताळा, म्हणजे प्रसंग साधारण एवढ्यातच संपतो. सामान्य माणसावरचा प्रसंग दुसऱ्या मॅगझिनपर्यंत क्वचितच जातो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. 2015 मध्ये आलेल्या सडपातळ ग्लॉक 43 मध्ये मॅगझिनला सहाच गोळ्या होत्या. 2018 च्या सिग पी365 ने तेवढ्याच आकारात दहा बसवल्या, तेव्हा या बाजूला आणखी बळ आले. उलट कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांत मॅगझिनवरच दहा गोळ्यांची मर्यादा असल्याने तिथे दुसऱ्याचे मोल वाढते.

भारतात हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. शस्त्र अधिनियम 1959 खाली परवान्यावर काडतुसांची संख्याही नोंदलेली असते आणि नऊ मिलिमीटरचा बोअर (नळीचे माप) सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. म्हणून इथला परवानाधारक बहुधा .32 च्या रिव्हॉल्व्हरवर असतो, आणि निवडणूक लागली की तेही अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. मराठी वाचकाला काडतूस भेटते ते बहुतेक ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ या बातमीतच.

अमेरिकेतल्या मराठी माणसांना मात्र याची झळ दोन ठिकाणी लागू शकते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, तिथल्या संघराज्य कायद्याने शस्त्रच काय, काडतूसही बाळगता येत नाही. दुसरी जागा भारतातला विमानतळ : बॅगेच्या अस्तरात विसरलेले एखादे काडतूस क्ष-किरण तपासणीत दिसते आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. ते जाणूनबुजून बाळगलेले नव्हते, हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर विमान निघून गेलेले असते.